बधिर आणि दिव्यांग कलाकारांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण : पहिल्या पत्रापासून परतभेटीपर्यंत

परदेशातील एखाद्या महोत्सवाकडून किंवा नाट्यसंस्थेकडून बधिर अथवा दिव्यांग कलाकाराला निमंत्रण आले की घरात आणि संस्थेत आनंद होतो, सत्कार होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. त्या कलाकाराच्या शेजारी दुभाषी म्हणून कोण बसणार, मदतनिसाचे तिकीट कोण काढणार आणि राहण्याच्या खोलीतील न्हाणीघराचे दार किती रुंद आहे, हे प्रश्न मात्र बहुधा प्रवासाला तीन आठवडे उरले असताना निघतात. तोवर अंदाजपत्रक मंजूर झालेले असते, तालमींचे वेळापत्रक ठरलेले असते, आणि मग प्रत्येक सोय ही कोणाच्या तरी चांगुलपणावर सोडलेली विनंती होऊन बसते. हे टाळायचे असेल तर सोयींचा विचार पहिल्या पत्रापासून करावा लागतो. तो कसा करावा, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील एखादा नाट्यगट वा नृत्यगट ब्रिटन आणि युरोपशी देवाणघेवाण करीत आहे, असे उदाहरणादाखल धरले आहे. दिव्यांग कलाकारांनी स्वतः चालवलेल्या व्यावसायिक संस्थांची परंपरा तेथे चार दशकांहून अधिक जुनी आहे, आणि त्यामुळे काय मागावे व कोणत्या शब्दांत मागावे, याचे नमुने तेथे तयार मिळतात.

आधी हक्क आणि शब्द

निधीसाठी अर्ज लिहिताना दयेची भाषा वापरण्याची गरज नाही, कारण कायद्याची भाषा उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याचे ३०वे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे. अपंग व्यक्तींना आपली सर्जनशीलता विकसित करण्याची संधी त्यांच्या स्वतःच्या हितासाठी आणि समाजाच्या समृद्धीसाठीही मिळाली पाहिजे, असे ते सांगते. सांकेतिक भाषा आणि बधिर संस्कृती यांना स्वतंत्र ओळख आणि पाठबळ मिळण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २९व्या कलमात दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देण्याचा उल्लेख आहे. अर्जाच्या पहिल्याच पानावर या दोन कलमांचा हवाला द्यावा. त्याने निधी मिळेलच असे नाही, परंतु चर्चेची सुरुवात योग्य ठिकाणी होते.

शब्दांच्या बाबतीत कलाकाराला विचारावे आणि तो सांगेल तोच शब्द परिचयपत्रात वापरावा. ‘मूकबधिर’ हा शब्द अजून शाळांच्या पाट्यांवर दिसतो. ज्यांना पूर्ण विकसित भाषा आहे त्यांना ‘मूक’ कसे म्हणायचे, हा बधिर समाजाचा आक्षेप रास्त आहे. इंग्रजीत सांस्कृतिक ओळख म्हणून बधिर या शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे हा फरक आपल्याला वाक्यात सांगावा लागतो : आम्ही येथे श्रवणाच्या उणिवेबद्दल नव्हे, सांकेतिक भाषा बोलणाऱ्या समाजाबद्दल लिहीत आहोत. परदेशी यजमानांना पाठवायच्या मजकुरात ही ओळख चुकली, तर तेथील बधिर कलाकारांचा विश्वास पहिल्याच पत्रात कमी होतो.

कोणाशी जोडून घ्यायचे

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकबरोबर झालेल्या सांस्कृतिक कार्यक्रमांतून ‘अनलिमिटेड’ ही दिव्यांग कलाकारांना नवी कामे करण्यासाठी निधी देणारी योजना उभी राहिली आणि पुढेही चालू राहिली. १९८० मध्ये स्थापन झालेली ‘ग्रेआय’ ही नाट्यसंस्था, १९९१ पासूनची ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था आणि २००२ पासून ब्रिटिश सांकेतिक भाषेत नाटके करणारी ‘डेफिनिटली थिएटर’ ही नावे ब्रिटनमधील कामाचा अभ्यास करताना प्रथम पाहावीत. फ्रान्समधील रँस शहरात २००३ पासून भरणारा ‘क्लँ दॉय’ हा सांकेतिक भाषेतील कलांचा मोठा महोत्सव आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारांबरोबर काम करणाऱ्यांनी झुरिकचे ‘थिएटर होरा’ आणि ऑस्ट्रेलियातील जीलाँगचे ‘बॅक टू बॅक थिएटर’ यांची पद्धत अवश्य समजून घ्यावी. यांपैकी दुसऱ्या संस्थेला २०२२ साली आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, आणि तो समावेशनासाठी नव्हे, नाट्यकलेसाठी मिळाला.

लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २०१२ साली शेक्सपिअरची ३७ नाटके ३७ भाषांत सादर झाली. त्यांत मुंबईहून गेलेल्या गटांनी हिंदी आणि गुजराती प्रयोग केले, आणि त्याच यादीत ब्रिटिश सांकेतिक भाषाही एक भाषा म्हणून उभी होती, कोणत्याही वेगळ्या ‘विशेष’ विभागात ठेवलेली नव्हती. निमंत्रण स्वीकारताना आपल्या कलाकाराचा प्रयोग महोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमात आहे की अपंगत्वासाठी राखून ठेवलेल्या एका दुपारी आहे, हे विचारून घ्यावे. दुसरा पर्याय नेहमीच नाकारावा असे मी म्हणणार नाही, कारण दिव्यांग कलाकारांनीच दिव्यांग प्रेक्षकांसाठी आखलेले व्यासपीठ फार मोलाचे असते. परंतु ते कोणी आखले आहे, याची चौकशी केल्याशिवाय होकार कळवू नये.

आपल्या शेजारचे उदाहरण ढाक्याचे आहे. तेथे ग्रेआय, ढाका थिएटर आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी बांगलादेशातील दिव्यांग कलाकारांना घेऊन शेक्सपिअरच्या नाटकावर आधारित प्रयोग २०१६ साली रंगमंचावर आणला. ग्रेआयच्या कलादिग्दर्शक जेनी सीली स्वतः बधिर आहेत. प्रयोगाआधी दीर्घकाळ कार्यशाळा झाल्या होत्या, आणि अनुकरण करायचे असेल तर याचेच करावे. एका आठवड्याच्या भेटीतून छायाचित्रे मिळतात. नाटक उभे राहायला दोन्ही बाजूंनी अनेकदा यावे-जावे लागते.

भारतातून सुरुवात करण्यासाठी मुंबई आणि पुण्यातील मॅक्स म्युलर भवन, अलियाँस फ्राँसेज, ब्रिटिश कौन्सिल, दिल्लीतील प्रो हेल्वेशिया ही स्विस संस्था आणि १९५० पासून कार्यरत असलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद ही परिचित दारे आहेत. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांग व्यक्तींचा महोत्सव, भरला आणि २०२४ पासून तो आंतरराष्ट्रीय स्वरूपात होऊ लागला. पणजी आपल्यासाठी जवळ असल्यामुळे परदेशी दिव्यांग कलाकारांना प्रत्यक्ष भेटण्याची ही सर्वांत कमी खर्चाची संधी आहे. पहिली ओळख ईमेलवर होण्यापेक्षा अशा ठिकाणी समोरासमोर झाली, तर पुढचे पत्रव्यवहार सोपे होतात.

गरजपत्रक : सगळ्यांत आधी लिहायचा कागद

परदेशी संस्था ज्याला ‘ॲक्सेस रायडर’ म्हणतात, त्याला मी गरजपत्रक म्हणतो. कलाकाराला काम करण्यासाठी काय लागते, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक-दोन पानांचे पत्रक, असा याचा अर्थ. पालकांनी, शाळेने किंवा दिग्दर्शकाने ते परस्पर लिहू नये. बधिर कलाकाराने सांकेतिक भाषेत ध्वनिचित्रफीत करून दिली आणि दुभाष्याने ती लिहून काढली तरी चालते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकाराबरोबर चित्रे वापरून बसावे आणि प्रत्येक मुद्दा त्याच्याकडून दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, पडताळून घ्यावा.

या पत्रकात रोगाचे नाव आणि वैद्यकीय इतिहास नसला तरी बिघडत नाही. तपशील मात्र मोजमापासह हवेत. ‘मला व्हीलचेअर लागते’ या वाक्यातून यजमानाला फारसे काही कळत नाही. खुर्चीची रुंदी, लांबी आणि वजन, ती घडी होते की नाही, बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, खुर्चीतून पलंगावर जाताना मदत लागते का, पलंगाची उंची किती असावी, शौचालयात आधाराचा दांडा डाव्या बाजूला हवा की उजव्या, हे लिहावे. बधिर कलाकाराने आपली भाषा कोणती, दुभाषी किती हवेत, लिखित इंग्रजी कितपत सोयीचे आहे, संपर्कासाठी व्हिडिओ कॉल हवा की संदेश, आणि खोलीत दाराची घंटा वाजल्यावर लुकलुकणारा दिवा व थरथरणारा गजर लागतो का, हे लिहावे. अंध कलाकाराने कागदपत्रे ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत की स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने) वाचता येतील अशा फाइलमध्ये हवीत, हे सांगावे, आणि मार्गदर्शन करणाऱ्याने हात धरावा की कलाकाराला आपला कोपर धरू द्यावा, हेही स्पष्ट करावे. जुनाट वेदना, थकवा किंवा मानसिक आजार असलेल्यांनी दिवसाला किती तास काम शक्य आहे, सलग किती वेळानंतर विश्रांती लागते आणि विमान उतरल्यावर किती दिवस मोकळे हवेत, हे न संकोचता मांडावे.

आपल्याकडे ‘चालेल, मी जमवून घेईन’ असे म्हणण्याची सवय वर्षानुवर्षे अंगी बाणलेली असते, कारण मागितले तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत ही भीती खरी असते. म्हणून समन्वयकाने हे पत्रक गटातील प्रत्येकाकडून, अपंगत्व नसलेल्यांकडूनही, भरून घ्यावे. कोणाला गुडघेदुखी असते, कोणाला उपवासाचे दिवस पाळायचे असतात, कोणाला तान्ह्या बाळाला सोबत न्यायचे असते. सर्वांनीच लिहिले की दिव्यांग कलाकार एकटा ‘मागणारा’ उरत नाही. पत्रक करारपत्राला जोडावे आणि करारात एक वाक्य असावे : जोडपत्रातील सोयी या कराराचा भाग आहेत.

भाषा : येथे सर्वाधिक वेळ द्यावा

सांकेतिक भाषा जगभर एकच असते, असा समज ऐकणाऱ्यांमध्ये अजूनही आढळतो. भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन आणि फ्रेंच या वेगवेगळ्या सांकेतिक भाषा आहेत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बोली इंग्रजी एक असूनही तेथील सांकेतिक भाषा परस्परांना समजत नाहीत. अमेरिकन भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे आणि तिची अक्षरे एका हाताने काढतात, तर ब्रिटिश आणि भारतीय भाषांत ती मुख्यतः दोन हातांनी काढली जातात. आंतरराष्ट्रीय परिषदांत आणि महोत्सवांत ‘इंटरनॅशनल साइन’ नावाची संपर्कपद्धती वापरली जाते. तिचा शब्दसंग्रह मर्यादित आहे आणि ती समजण्यासाठी थोडा सराव लागतो, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत ‘इंटरनॅशनल साइनची सोय आहे’ असे छापलेले पाहून निश्चिंत होऊ नये.

आता साखळी मोजून पाहावी. सांगलीचा एखादा बधिर नट लंडनच्या बधिर दिग्दर्शिकेशी बोलतो आहे. त्याचे भारतीय सांकेतिक भाषेतील वाक्य आपला दुभाषी इंग्रजीत बोलतो, तेथील दुभाषी ते ब्रिटिश सांकेतिक भाषेत मांडतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. प्रत्येक टप्प्यावर काही क्षण जातात आणि अर्थ थोडा झिजतो. दोन्ही बधिर कलाकारांना सुरुवातीचे दोन-तीन दिवस दुभाष्यांशिवाय, कागद, चित्रे, नकाशे आणि हावभाव यांच्या आधारे एकत्र बसू दिले, तर ते आपसांत संवादाची वाट काढतात, आणि ती वाट या चार टप्प्यांच्या साखळीपेक्षा पुष्कळदा अधिक जिवंत असते. दुभाषी करारासाठी, सुरक्षेच्या सूचनांसाठी आणि ऐकणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी जवळ असावेत. वेळापत्रकात हे दिवस ‘काम नसलेले’ म्हणून कोणी कापू नयेत. तालमीचा पाया याच दिवसांत घातला जातो.

दुभाषी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. एक तासाहून अधिक कामासाठी दोन दुभाषी लागतात आणि ते सुमारे २० ते ३० मिनिटांनी आळीपाळीने काम करतात. एकट्या माणसाकडून दिवसभर काम करून घेतले, तर दुपारनंतर अर्थ निसटू लागतो आणि त्याचा दोष नकळत बधिर कलाकाराच्या आकलनावर येतो. कलाकाराचा भाऊ, आई किंवा शाळेतील शिक्षिका यांना फुकटचे दुभाषी समजू नये. त्यांचे प्रेम खरे असले तरी नाट्यविषयक चर्चा, मानधनाची बोलणी आणि मतभेद यांत त्यांची स्वतःची मते मिसळतात. २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आणि वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथून दुभाषणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचा शोध सुरू करावा, आणि निवडीचा शेवटचा शब्द कलाकाराचा असावा. रंगभूमीवरचे दुभाषण हे कौशल्य वेगळे आहे. संहिता, गाण्यांचे शब्द आणि तालमीच्या चित्रफिती किमान एक महिना आधी त्यांच्या हाती द्याव्यात.

बैठकींसाठी व्हिडिओ कॉल वापरताना चेहऱ्यावर समोरून प्रकाश हवा, मागची भिंत एकरंगी हवी, बोलणाऱ्याने हात वर करूनच बोलायला सुरुवात करावी, आणि दुभाष्यांची चौकट सर्वांच्या पडद्यावर कायम ठेवावी. ब्रिटनची वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांनी मागे असते, हे लक्षात घेऊन दुपारची वेळ ठरवली तर दोन्हीकडचे दुभाषी ताजे असतात.

लिखित इंग्रजी हा आणखी एक अडथळा असतो. पुष्कळ बधिर कलाकारांसाठी लिखित मराठी हीच दुसरी भाषा आहे, आणि इंग्रजी तिसरी. बारा पानांचा इंग्रजी करार ईमेलने पाठवून ‘चार दिवसांत सही करा’ म्हणणे म्हणजे न समजलेल्या गोष्टीवर सही मागणे होय. कराराचा आशय सांकेतिक भाषेतील चित्रफितीत मिळावा, अशी मागणी यजमानांकडे करावी. त्यांना ते शक्य नसेल तर आपल्या बाजूने दुभाष्याचे दोन तास त्यासाठी राखावेत.

अंध कलाकारांच्या संहितेचा प्रश्न तुलनेने सुकर झाला आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. या करारामुळे प्रकाशित साहित्याच्या ब्रेल वा ध्वनी प्रती मान्यताप्राप्त संस्थांमार्फत, करारात सामील असलेल्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येतात.

पैसा, कर आणि परवानग्या

अंदाजपत्रकात सोयींचा खर्च ‘इतर’ या रकान्यात दडपू नये. दोन दुभाष्यांचे मानधन, प्रवास आणि निवास, वैयक्तिक मदतनिसाचा तितकाच खर्च, व्हीलचेअर चढू शकेल अशी मोटार, विश्रांतीचे जादा दिवस, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतील छपाई, प्रयोगातील अक्षरपट्टी (संवाद लिहून दाखवणारी पट्टी), उपकरण बिघडल्यास दुरुस्ती किंवा भाड्याने पर्यायी साधन, असे प्रत्येक कलम स्वतंत्र लिहावे. निधी देणाऱ्याला पहिल्याच पत्रात विचारावे की, हा खर्च अनुदानाच्या कमाल मर्यादेत मोजला जाणार आहे की तिच्याबाहेर. मर्यादेच्या आत मोजला, तर दिव्यांग कलाकाराच्या गटाला प्रत्यक्ष कलेसाठी नेहमीच कमी रक्कम उरते, ही गोष्ट आकड्यांनी दाखवून दिली की पुष्कळ संस्था पुनर्विचार करतात. कलाकाराचे मानधन त्याच प्रकल्पातील इतर कलाकारांइतकेच असावे आणि ते त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावे.

परदेशातून येणारी रक्कम भारतीय संस्थेने स्वीकारताना विदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० लागू होतो. देणगी किंवा अनुदान म्हणून रक्कम घ्यायची असेल, तर संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचे शुल्क यात मोडत नाही, परंतु ही सीमारेषा कागदपत्रांच्या शब्दरचनेवर अवलंबून असते. करारात ‘अनुदान’ लिहिले आहे की ‘प्रयोगाचे मानधन’, हे सही करण्यापूर्वी सनदी लेखापालाला दाखवावे. त्याच भेटीत कराचाही प्रश्न विचारावा, कारण कलाकाराच्या उत्पन्नावर प्रयोग झालेल्या देशातच करकपात होऊ शकते आणि भारतात तिची वजावट मिळण्यासाठी कपातीचा दाखला जपून ठेवावा लागतो.

एक बाब हमखास राहून जाते. २०१६ च्या अधिनियमानुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण असल्यामुळे पुष्कळ दिव्यांग कलाकार शासकीय कार्यालयांत किंवा सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत नोकरीला असतात. त्यांना परदेश प्रवासासाठी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि यजमान संस्था तिकीट किंवा निवासाचा खर्च करणार असेल, तर विदेशी आदरातिथ्य स्वीकारण्याची केंद्र सरकारची परवानगीही लागू शकते. व्हिसा हाती असूनही कार्यालयातील फाइल पुढे सरकली नाही म्हणून एका सहकाऱ्याची पहिली फेरी हुकलेली मी पाहिली आहे. निमंत्रणपत्र आले त्याच आठवड्यात हा अर्ज द्यावा.

व्हिसा आणि प्रवास

व्हिसाचा प्रकार कामावरून ठरतो. ब्रिटनमध्ये निमंत्रणावरून केलेले अल्पकालीन सशुल्क सादरीकरण आणि दीर्घ मुदतीचे काम यांचे मार्ग वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी यजमान संस्थेचे प्रायोजकत्व लागते. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांसाठी, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. नियम बदलत असल्यामुळे दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरची माहितीच प्रमाण मानावी. दुभाषी आणि मदतनीस यांच्यासाठी यजमानांकडून स्वतंत्र निमंत्रणपत्र मागावे, आणि त्यात ‘या व्यक्तीशिवाय कलाकाराला काम करता येणार नाही’ असे स्पष्ट वाक्य असावे. बोटांचे ठसे देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी व्हिसा केंद्राला भेटीची वेळ घेतानाच तसे कळवावे. विमा घेताना अपंगत्व आणि आधीचे आजार लपवू नयेत, आणि व्हीलचेअर किंवा श्रवणयंत्राची नुकसानभरपाई विम्यात धरली आहे का, हे वाचून पाहावे.

विमान कंपनीला साहाय्याची गरज प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कळवावी लागते. मी तर तिकीट काढल्याच दिवशी लेखी कळवावे आणि उत्तर छापून जवळ ठेवावे असे सांगेन. विजेवरील खुर्ची असल्यास बॅटरीची क्षमता वॅट-तासांत काढावी : २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असेल तर गुणाकार २४० वॅट-तास होतो. काढता येणारी लिथियम बॅटरी साधारणपणे ३०० वॅट-तासांपर्यंत नेता येते, तीही कंपनीच्या मंजुरीने. ब्रिटन आणि युरोपात विजेचा दाब आपल्यासारखाच सुमारे २३० व्होल्ट असतो, पण अमेरिकेत तो १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट आहे, म्हणून चार्जरवर छापलेली मर्यादा पाहून घ्यावी. औषधे मूळ वेष्टनात, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीबरोबर, हातातील सामानात ठेवावीत. दिव्यांग व्यक्तींना मिळणारे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे आपले यूडीआयडी कार्ड, परदेशात सवलतीसाठी चालेलच असे नाही. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र अधिक उपयोगी पडते. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन) असलेल्यांनी त्याचे ओळखपत्र सुरक्षा तपासणीच्या वेळी हाताशी ठेवावे.

परगावी मराठी माणूस भेटला की तो घरी राहायला बोलावतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे, आणि अशा मंडळांतील कुटुंबांनी आपल्या कलाकारांना आजवर पुष्कळ आपुलकी दिली आहे. तरीही व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराचा मुक्काम तेथे ठरवण्याआधी घराचा नकाशा विचारावा. ब्रिटनमधील जुन्या घरांत झोपण्याची खोली आणि न्हाणीघर बहुधा अरुंद जिन्याने वर असते. एका संध्याकाळचे जेवण मंडळात ठेवावे आणि मुक्काम सोयीच्या हॉटेलात करावा.

तालीम, प्रयोग आणि त्यानंतरची संध्याकाळ

तालमीच्या पहिल्या तासात काही गोष्टी सर्वांनी मिळून ठरवाव्यात. एका वेळी एकानेच बोलावे. बधिर कलाकार संहितेकडे किंवा नेपथ्याच्या प्रतिकृतीकडे पाहत असताना सूचना देऊ नये, कारण त्याला एकाच वेळी कागद आणि दुभाषी दोन्ही पाहता येत नाहीत. आधी दाखवावे, थांबावे, मग बोलावे. रंगमंचावर अंधार करण्यापूर्वी दुभाष्यावर लहान दिवा राहील याची प्रकाशयोजनाकाराशी खात्री करावी. प्रवेशाची खूण शब्दावर अवलंबून असेल तर ती प्रकाशात, फळ्यांतून जाणवणाऱ्या कंपनात किंवा सहनटाच्या स्पर्शात बदलावी. अंध कलाकाराला रिकामा रंगमंच स्वतंत्रपणे चालून पाहू द्यावा, कडेपासून दोन फूट आत पायाला जाणवेल अशी दोरीची किंवा खरखरीत पट्टी चिकटवावी, आणि त्यानंतर सामानाची जागा त्याला सांगितल्याशिवाय कोणीही हलवू नये. आग लागल्याची घंटा ज्याला ऐकू येत नाही आणि उद्वाहन बंद पडल्यावर जो जिना उतरू शकत नाही, अशा प्रत्येकासाठी जबाबदार व्यक्ती नावाने ठरवून, बाहेर पडण्याचा सराव पहिल्याच दिवशी करावा.

प्रसिद्धीपत्रकाचा मजकूर कलाकाराला दाखवल्याशिवाय जाऊ देऊ नये. ‘अपंगत्वावर मात करून’ ही शब्दावली वाचली की प्रेक्षक प्रयोगाकडे पाहण्याआधी टाळ्या वाजवायचे ठरवून येतो, आणि मग नटाने घेतलेला एखादा धाडसी निर्णय किंवा केलेली चूक, दोन्हींकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. चर्चासत्रात त्याला दिग्दर्शन, संहिता आणि अभिनय यांविषयी प्रश्न विचारले जावेत, असे सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवावे.

संध्याकाळी पाच वाजता दुभाष्यांचे कामाचे तास संपतात, सर्वजण जेवायला निघतात, आणि मोठ्या टेबलाभोवती हास्यविनोद चालू असताना बधिर कलाकार ताटाकडे पाहत बसतो. पुढच्या प्रकल्पांची बोलणी मात्र अशाच जेवणांत होतात. म्हणून दर दौऱ्यात निदान तीन-चार संध्याकाळींसाठी दुभाष्यांचे तास वेगळे धरावेत, टेबल गोल आणि उजेडातले घ्यावे, आणि इतर कलाकारांना जाण्याआधी नमस्कार, जेवण, थकवा, पुन्हा सांग, छान, इतक्या तरी खुणा शिकवाव्यात.

परतभेट : आता आपण यजमान

एकाच दिशेने झालेल्या प्रवासाला देवाणघेवाण म्हणता येत नाही, म्हणून परतभेटीचा कालावधी मूळ करारातच लिहावा. आपल्याकडील नाट्यगृहांत अडचण बहुधा प्रेक्षागृहात नसून पडद्यामागे असते : प्रेक्षकांसाठी उतार केलेला असतो, पण रंगमंच आणि मेकअप रूमकडे पायऱ्याच जातात. उताराचे प्रमाण १ ला १२ असावे, असे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे तीन फूट उंच रंगमंचासाठी ३६ फूट लांबीचा उतार लागतो, आणि मधल्या सपाट टप्प्याची जागा वेगळी. एका दौऱ्याच्या तयारीत आम्ही हा हिशेब प्रयोगाच्या आदल्या दिवशी केला, विंगेत तेवढी जागाच नव्हती, आणि शेवटी प्रयोग रंगमंचावरून खाली आणून प्रेक्षागृहाच्या सपाट भागात करावा लागला. तेव्हापासून नाट्यगृहाची तारीख घेण्यापूर्वी टेप घेऊन जाण्याची पद्धत आम्ही पाळतो : मागच्या दारापासून मेकअप रूम, शौचालय आणि विंग यांपर्यंतचा प्रत्येक उंबरठा मोजायचा, दारे ९०० मिलिमीटर मोकळी आहेत का ते पाहायचे, आणि सर्व वाटेची चित्रफीत करून पाहुण्या कलाकाराला पाठवायची. जागा योग्य आहे की नाही, हे त्याने ती पाहून ठरवावे.

पाहुण्यांबरोबर स्थानिक बधिर आणि दिव्यांग कलाकारांची कार्यशाळा ठेवताना ती केवळ मुंबई-पुण्यात न ठेवता एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी किमान पाच दिवस ठेवावी, आणि गावाहून येणाऱ्यांना प्रवासखर्च रोख व त्याच दिवशी द्यावा. प्रयोगाला मराठी अक्षरपट्टी, भारतीय सांकेतिक भाषेतील दुभाषण आणि अंध प्रेक्षकांसाठी प्रयोगाआधी नेपथ्य व वेशभूषा हाताळून पाहण्याची अर्ध्या तासाची फेरी ठेवावी, आणि या तिन्हींची माहिती जाहिरातीतच द्यावी, म्हणजे तो प्रेक्षक वेळेवर येऊ शकेल.

पाहुणे परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत दोन्ही बाजूंच्या कलाकारांनी, आयोजकांच्या अनुपस्थितीत, एकत्र बसून गरजपत्रकातील प्रत्येक ओळीसमोर काय मिळाले आणि काय मिळाले नाही याची नोंद करावी. ही नोंद सांकेतिक भाषेतील चित्रफीत आणि लिखित मराठी अशा दोन्ही स्वरूपांत तयार करून निधी देणाऱ्या संस्थेला, नाट्यगृहाला आणि पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्या गटाला द्यावी.